दोनशे त्रेचाळीस सह्या

उच्च न्यायालयाच्या निवडणूक याचिका कक्षातल्या टेबलावर त्या दुपारी एक मूळ याचिका होती, चौऱ्याऐंशी पानांची. तिच्या नऊ प्रती होत्या, कारण प्रतिवादी नऊ होते. नऊ प्रतींची मिळून सातशे छप्पन्न पानं, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी ‘खरी प्रत’ असा शिक्का व त्याखाली निळ्या शाईत ‘क. वि. खंडारे’ अशी सही. शपथपत्र एक. अनामत भरल्याची पावती एक. बाद ठरवलेल्या अठ्ठावन्न मतदारांची यादी एक, वयासकट आणि गावासकट. निकाल लागल्याला पंचेचाळीस दिवस झाले होते. शेचाळिसावा दिवस कायद्यात नव्हता.

“करुणा खंडारे तुम्हीच?” काउंटरवरच्या बाबूनं आधी कार्डाकडे, मग तिच्याकडे पाहिलं.

“मीच.”

“स्वतः आलात ते बरं केलं. परवा एकानं भावाला पाठवलं होतं. आल्या पावली परत.”

“आमच्या बाईंनी पानंसुद्धा स्वतः मोजलीत बाबूजी,” तिचे वकील नझीर देशमुख म्हणाले. “तीनदा.”

“चारदा,” करुणा म्हणाली.

ती पंचावन्न वर्षांची होती. निंबारी या तालुक्याच्या गावी तिची रक्त तपासणीची प्रयोगशाळा होती, आणि तीस वर्षांत आसपासच्या पन्नासेक गावांतले दंड तिनं पाहिले होते. लहान मुलं तिच्याकडे रडत नसत. एवढ्या भांडवलावर ती विधानसभेला अपक्ष उभी राहिली आणि प्रतापराव बोंद्रे नावाच्या तीनदा निवडून आलेल्या माणसासमोर एकतीस मतांनी पडली.

एकतीस मतांनी पडणं तिनं पचवलं असतं. पण मतमोजणीच्या दिवशी अठ्ठावन्न पाकिटं न उघडताच बाजूला ठेवली गेली होती. पंच्याऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्यांनी घरी बसून दिलेली ती मतं. अशी मतं एकूण दोनशे सहा. त्यांपैकी एकशे एकोणचाळीस जणांनी अंगठा दिला होता. त्या सगळ्यांची मतं मोजली गेली. सदुसष्ट जणांनी हट्टानं सही केली होती. त्यातली अठ्ठावन्न बाद. घरून मत देण्यासाठी केलेल्या अर्जावरची सही आणि मतासोबतच्या प्रतिज्ञापत्रावरची सही एकाच व्यक्तीच्या नाहीत, असं यंत्रानं सांगितलं होतं.

तेच यंत्र आता बाबूच्या पाठीमागे उभं होतं. कपाटाएवढं, राखाडी, वर ‘कंपलेख’ अशी पाटी.

“हे प्रती बघेल,” बाबू म्हणाला. “अहवाल उद्या येईल.”

“आणि काही दोष निघाला तर?”

बाबूनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि पोचपावतीवर शिक्का मारला.

*

अहवाल दुसऱ्या दिवशी अकराला आला. करुणा प्रयोगशाळेत होती. मुलगी ऋचा शेजारच्या टेबलाशी रुग्णांचे अहवाल टंकत होती. ऋचा सव्वीस वर्षांची. औषधनिर्माणशास्त्रात पदवी घेऊन वर्षभरापूर्वी आईच्या हाताखाली आलेली. याचिकेच्या प्रती तयार होताना समोर बसून एकेक पान सरकवणारी तीच.

करुणानं फोन टेबलावर ठेवला आणि दोघींनी एकदमच वाचलं.

नमुने : ७५६. व्यक्ती : दोन. पहिली व्यक्ती : ५१३. दुसरी व्यक्ती : २४३. खात्री : ९९.९१ टक्के.

“दुसरी कोण?” ऋचा म्हणाली.

तेवढ्यात देशमुख वकिलांचा फोन आला. “ताई, वाचलंत? पहिल्या चार प्रती आणि नववी ठीक आहेत. पाचवी ते आठवी, त्यांत दुसरा हात आहे म्हणतात. खरं सांगा, दमल्यावर पोरीच्या हाती पेन दिलंत का?”

“नाही.”

“बघा हं. बोंद्रेंचा अर्ज आजच तयार होईल. कायदा म्हणतो, प्रत्येक प्रत याचिकाकर्त्यानं स्वतःच्या सहीनं खरी केलेली असली पाहिजे. नसेल तर न्यायालयानं याचिका फेटाळावीच. ‘फेटाळावी’ नाही, ‘फेटाळावीच’. अठ्ठावन्न मतांचं काय झालं, हा प्रश्न कोणी विचारणारसुद्धा नाही. दारातूनच परत.”

“नव्या प्रती दिल्या तर?”

“काल पंचेचाळिसावा दिवस होता.”

संध्याकाळपर्यंत बोंद्रेंचे वकील मालपाणी यांचा अर्ज दाखल झाला. त्यात सातव्या परिच्छेदात ऋचाचं नाव होतं. ‘सदर बनावट सह्या याचिकाकर्तीच्या मुलीने केल्याचे सकृद्दर्शनी दिसते, तरी तिच्यावर फौजदारी कारवाईचे आदेश व्हावेत.’

“मी एकही सही केली नाही!” ऋचा ओरडलीच.

“मला माहीत आहे.”

“मग बोल ना! तुलाच माहीत आहे!”

करुणानं अर्जाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

*

माणूस जिवंत असेतो त्याचा हात पूर्ण स्थिर राहत नाही. निरोगी हातसुद्धा सेकंदाला आठ ते बारा वेळा हलतो, इतका बारीक की डोळ्यांना दिसत नाही. पण पेनाला तो जाणवतो. पेन रेंगाळतं तिथे शाई जाड बसते, सरसर जातं तिथे पातळ. कागदावर उमटणारा चरही त्याप्रमाणे खोल किंवा उथळ होतो. कंपलेख यंत्र सहीवर तिरपा लेझर टाकून हजारो बिंदूंवर हे मोजतं. शाईच्या थरावरून पेनाचा वेग कळतो, वेगावरून वेळ, आणि वेळ कळली की वाळलेल्या सहीतून हाताची थरथर पुन्हा उभी करता येते. ही थरथर प्रत्येकाची वेगळी असते. अक्षराचं वळण गिरवता येतं, थरथर गिरवता येत नाही. बनावट सह्यांचा सुळसुळाट झाल्यावर आधी बँकांनी, मग निवडणूक यंत्रणेनं आणि शेवटी न्यायालयाच्या कक्षानं हे यंत्र घेतलं ते यामुळेच.

शोध खरा होता. करुणानं मूळ शोधनिबंध मागवून दोनदा वाचला होता. चाचणीला चार हजार एकशे माणसं बसवली होती. वय एकोणीस ते पंचेचाळीस. सगळी निरोगी. ही ओळ तिनं याचिकेच्या एकोणतिसाव्या पानावर जशीच्या तशी लिहिली होती. म्हाताऱ्या हाताची थरथर सकाळी एक असते, दुपारी दुसरी, थंडीत तिसरी, हे यंत्राला कोणी शिकवलंच नव्हतं.

आजारी हाताचंही नव्हतं. पण ते तिनं लिहिलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी, निंबारीपासून दोनशे किलोमीटरवरच्या शहरात, एका मेंदूविकारतज्ज्ञानं तिला कागदावर गोल गोल चक्र काढायला सांगितलं होतं. चक्र आतल्या आत आक्रसत गेलं. कंपवात, डॉक्टर म्हणाले. मेंदूतल्या डोपामीन बनवणाऱ्या पेशी कमी होतात, हात सेकंदाला चार-पाचदा हलायला लागतो, अक्षर बारीक होत जातं. लेवोडोपाची गोळी घेतली की चाळीस-पन्नास मिनिटांत हात ताब्यात येतो, तीन-साडेतीन तास राहतो.

करुणानं तेव्हापासून आपला दिवस गोळीच्या मापानं कापला होता. पहिली गोळी सातला. सुई फक्त आठ ते साडेदहा. नंतरचं काम यंत्रांचं आणि ऋचाचं. गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत. ज्या बाईचा हात थरथरतो तिच्यापुढे दंड कोण करणार, आणि तिला मत कोण देणार?

सह्या करायच्या दिवशी तिनं सकाळची गोळी नऊला घेतली आणि पावणेदहाला पेन उचललं. दुसरी बाराला घ्यायची होती. पण ऋचा समोर बसून पानं सरकवत होती, आणि ऋचा अशी, की गोळीचा नुसता रंग बघून नाव सांगेल. साडेबाराच्या सुमाराला हात अडखळायला लागला.

“हात भरून आला का गं?” ऋचानं विचारलं होतं.

“चारशे सह्या झाल्या. भरणारच.”

दीडला ऋचा पिनांचं खोकं आणायला खाली गेली, तेव्हा कुठे गोळी पोटात गेली. सव्वादोनला हात परत आला.

करुणानं आता अहवालाचं शेवटचं पान काढलं. दुसरी व्यक्ती सुरू होत होती तीनशे एकोणनव्वदाव्या सहीपासून. संपत होती सहाशे एकतिसाव्या सहीवर.

*

यशोदाबाई मोहोडांचं घर बोरखेडीच्या टोकाला होतं. वय ब्याण्णव. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी करुणा त्यांची साखर तपासायला जायची, सकाळी नऊला.

“आली का वं बाई? कोर्टाचं काय झालं?” यशोदाबाईंनी बाही वर केली. “माह्यं मत कुठी ठेवलं हाय त्यायनं?”

“पाकिटात आहे आजी. उघडलंच नाही.”

“तो साहेब मले अंगठा दे म्हणे. शाईचं पॅड समोर केलं. म्या म्हनलं, बाप्पा, शेचाळीस वर्षांची होती तवा वर्गात बसून सही शिकली मी. नवरा हासे, सासू हासे. आता अंगठा काहून देऊ? केली सही. तं म्हन्ते ही बाई दुसरी हाय.” त्या खळखळून हसल्या. “आवं, दुसरी कोन? घरात मी आन् मांजर!”

करुणाही हसली. सुई आत गेली, नळीत रक्त चढलं. हात दगडासारखा स्थिर होता.

“अंगठा देला असता तं मोजलं असतं ना वं?”

“हो आजी. मोजलं असतं.”

“म्हंजे शिकली तेच चुकलं म्हन.” यशोदाबाईंनी दुसऱ्या हातानं पदर सावरला. “आन् तुह्याबी सह्या नाई चालल्या म्हन्ते. खरं हाय का?”

“खरं आहे.”

“मंग तू सांगशीन ना त्या जज्जसाहेबाले, का बाप्पा माह्याच हाय म्हनून?”

करुणानं कापूस दंडावर दाबून धरला.

“मले कोन नेते तिथी?” यशोदाबाई म्हणाल्या. “तुले तं दोन पाय हाय. जाय आन् सांग.”

*

त्या दिवशी करुणानं दुपारची गोळी घेतली नाही. दोनला प्रयोगशाळेचं दार लोटलं, ऋचाला समोर बसवलं आणि कोऱ्या कागदावर सही केली. पेन ‘क’पाशीच अडलं. अक्षरं मुंगीएवढी झाली, शेवटचा ‘रे’ कागदाच्या रेषेखाली घसरला. तिनं कागद मुलीकडे सरकवला आणि शेजारी व्हिटॅमिनची डबी ठेवली.

ऋचानं झाकण उघडलं. गोळी हातात घ्यायचीही गरज पडली नाही.

“किती दिवस?”

“दोन वर्षं.”

“दोन वर्षं! आणि तू लोकांना सुया टोचत होतीस?”

करुणा उठली आणि नोंदवही घेऊन आली. “एकही सुई गोळीच्या वेळेबाहेर टोचलेली नाही. दोन वर्षांत नऊ हजार चारशे सोळा नमुने. पहिल्या टोचण्यात रक्त आलं नाही असे एकशे तीस. त्याआधीच्या दोन वर्षांत एकशे सत्तेचाळीस. हे बघ, प्रत्येक–”

“मला नको दाखवूस हे.” ऋचानं वही मिटली. “मी पेशंट नाही. मुलगी आहे.”

करुणाचा उजवा हात टेबलावर आपल्यापुरता हलत होता, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच तिनं तो मांडीखाली लपवला नाही.

“मी दिवसभर समोर होते,” ऋचा म्हणाली. “पानं सरकवत. मला वाटलं, दमलीस.” मग एकदम रागानं, “मला वाचवण्यापुरतं सांगणार असशील तर नको सांगूस. होऊ दे खटला. मी बघून घेईन. हे एकदा बाहेर गेलं ना, तर उद्यापासून इथं कुत्रं फिरकणार नाही.”

“तुझ्यापुरतं नाही सांगत. अठ्ठावन्न माणसांना हे यंत्र म्हणालं, तुम्ही तुम्ही नाही. त्यांतल्या एकालाही तिथे जाऊन हात पुढे करता येत नाही. मला येतो.” तिनं हात वर केला. तो हवेत सावकाश थरथरला. “दोन वर्षं मी ह्याची लाज धरली. आता ज्याला लाजायचं त्यानं लाजावं.”

*

“एका सहीपायी दुकान बंद पाडाल ताई,” देशमुख वकील म्हणाले.

“दोनशे त्रेचाळीस सह्यांपायी.”

“डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडू. पुरे होईल.”

“मालपाणी म्हणतील, आजार खरा असेल, पण सह्या मुलीच्याच. वकीलसाहेब, आमच्या प्रयोगशाळेत रोज सकाळी यंत्रात पहिला नमुना जातो तो पेशंटचा नसतो. कंट्रोलचा असतो. त्यात काय आहे ते आम्हाला आधीच पक्कं ठाऊक असतं. यंत्रानं तेच सांगितलं तर पुढचे पेशंट. नाहीतर यंत्र बंद. ह्या कंपलेखला आजारी हाताचा कंट्रोल कोणी दिलाय का?”

देशमुखांनी चष्मा काढला. “म्हणजे?”

“न्यायाधीशांसमोर मी सह्या करते. नऊ गोळीशिवाय, नऊ गोळी घेऊन. एकाच व्यक्तीच्या आहेत हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असेल. मग द्यायच्या यंत्रात.”

“आणि यंत्रानं ‘एकच व्यक्ती’ असं बरोबर उत्तर दिलं तर?”

“तर यंत्र माझा हात दोन्ही प्रकारे ओळखतं, असं होईल. मग त्या दोनशे त्रेचाळीस खरंच दुसऱ्या कोणाच्या. याचिका जाईल.”

“याचिका जाईल, पोरीवर खटला होईल, आणि तोवर आजार गावभर झालेला असेल. प्रयोगशाळाही जाईल. ताई, मी तीस वर्षं वकिली करतोय. उत्तर माहीत नसलेला प्रश्न आम्ही कोर्टात विचारत नाही.”

“आम्ही रोज तेच करतो,” करुणा म्हणाली.

शपथपत्र दाखल झालं. दुसऱ्या दिवशी बातमी निंबारीत होती. तिसऱ्या दिवशी बोंद्रेंनी एका उद्घाटनात माईक हातात धरून मुद्दाम थरथरवला आणि विचारलं, “ह्या हातात देणार होता का तालुका?” लोक हसले. प्रयोगशाळेत रोज चाळीस माणसं यायची. आठवड्यात ती अकरावर आली.

करुणानं रंगाऱ्याला बोलावून दाराशेजारी पाटी लिहून घेतली : ‘मला कंपवात आहे. सुई सकाळी आठ ते साडेदहा मी टोचीन. इतर वेळी ऋचा टोचेल. दोघींच्या चुकांची नोंदवही टेबलावर आहे, कोणीही पाहावी.’

“शेवटची ओळ कशाला?” ऋचानं विचारलं.

“बोंद्रेंनी ठेवलीय का अशी वही?”

ऋचा हसली, त्या प्रकरणानंतर पहिल्यांदा. पाटीच्या चौथ्या दिवशी माणसं सोळा झाली.

*

सुनावणीच्या सकाळी करुणानं गोळी घेतली नाही. आदल्या संध्याकाळचीही घेतली नव्हती. पोलक्याची बटणं ऋचानं लावली, केस ऋचानं बांधले. न्यायालयाच्या पायऱ्या चढताना तिचा पाय घासत होता. बोंद्रेंची आठ-दहा माणसं व्हरांड्यात उभी होती. त्यांतल्या एकानं बोटं थरथरवली.

“बरोबर जमत नाही तुम्हाला,” करुणा त्याच्यापाशी थांबून म्हणाली. “सेकंदाला पाचदा. तुमचं फार जलद होतंय.”

न्यायमूर्ती करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. मालपाणी आधी उठले.

“महोदया, कायदा स्पष्ट आहे. प्रती याचिकाकर्तीच्या सहीच्या नाहीत. नियमानुसार यंत्राचा अहवाल ग्राह्य आहे. अशा याचिकेबाबत न्यायालयाला दुसरा पर्यायच नाही. इथं सहानुभूतीला जागा नाही, आणि जादूच्या प्रयोगांनाही नाही.”

“दोष असेल तर पर्याय नाही, हे खरं,” न्यायमूर्ती म्हणाल्या. “पण दोष आहे की नाही, हे मला आधी ठरवावं लागेल ना?”

“यंत्रानं ठरवलेलं आहे.”

“यंत्रानं कळवलेलं आहे. ठरवायचं मी.” त्यांनी करुणाकडे पाहिलं. “तुम्हाला काय दाखवायचंय ते समजतंय ना? यंत्रानं अठरा सह्या एका व्यक्तीच्या सांगितल्या, तर मी आजच हे प्रकरण निकाली काढीन. आणि तुमच्या मुलीबद्दलच्या अर्जाकडे वळेन.”

“समजतंय.”

“तुमच्यावर जबरदस्ती नाही. कॅमेरा चालू आहे.”

“चालू राहू द्या. म्हाताऱ्यांच्या घरी मत घेताना पण होता.”

अठरा कोरे कागद आणले गेले. प्रत्येकावर दोन्ही वकिलांनी मागच्या बाजूला खूण केली. पेन मालपाणींनी स्वतःच्या खिशातलं दिलं. शाईबद्दल नंतर शंका नको म्हणून करुणानंच ते मागितलं होतं.

दहा वाजून बावन्न मिनिटांनी तिनं पहिली सही केली. हात कागदापर्यंत पोचायलाच वेळ लागला. पेनाचं टोक कागदावर टकटकलं. मागच्या बाकावरून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि न्यायमूर्तींनी मान वर केल्याबरोबर थांबलं. दुसरी सही. तिसरी. अक्षरं आक्रसत चालली. पाचव्या सहीला तिनं मनगट डाव्या हातानं धरायला घेतलं, आणि लगेच सोडून दिलं. नमुना बिघडला असता. ऋचा दोन हात अंतरावर उभी होती. तिनं एकही कागद सरकवला नाही. तसं ठरलंच होतं. नववी सही संपायला अकरा वाजून सात मिनिटं झाली.

मग करुणानं पर्समधून डबी काढली. व्हिटॅमिनचं लेबल तिनं कधीच फाडून टाकलं होतं. ऋचानं पाण्याचा पेला पुढे केला. भरलेल्या न्यायालयात, सगळ्यांच्या देखत, तिनं गोळी गिळली.

“किती वेळ?” न्यायमूर्तींनी विचारलं.

“पन्नास मिनिटं.”

“तोवर दुसरी प्रकरणं घेऊ. कोणी हलू नका. बाई, तुम्ही इथेच समोर बसा.”

एका जमिनीच्या वादाची तारीख पडली, एका नगराध्यक्षाचा अर्ज पुढे गेला. करुणा खुर्चीत बसून आपल्या हाताकडे बघत होती. बाकीचे सगळेही तिच्या हाताकडेच बघत होते. अकरा चाळीसला करंगळी थांबली. पावणेबाराला अंगठा. बारा वाजायला पाच कमी असताना मनगट शांत झालं, आणि व्हरांड्यातला तो बोटं थरथरवणारा माणूस दाराशी पुढे सरकून नीट पाहायला लागला.

बारा वाजता तिनं पुन्हा पेन उचललं. नऊ सह्यांना तीन मिनिटं लागली. मोठी, मोकळी अक्षरं, खाली ठसठशीत रेघ.

मालपाणी उठले. “महोदया, माझी नोंद असावी. हा प्रकार–”

“नोंद घेतली. बसा.”

अठरा कागद पत्त्यांसारखे पिसले गेले, म्हणजे कुठला आधीचा, कुठला नंतरचा हे क्रमावरून कळू नये. बाबू ते कक्षाकडे घेऊन गेला. सोबत दोन्ही बाजूंचे कनिष्ठ वकील गेले. देशमुख वकील समोरच्या कागदावर काहीतरी गिरवत होते. करुणानं वाकून पाहिलं. नुसत्या रेघा होत्या.

“घाबरलात वकीलसाहेब?”

“तुम्ही नाही घाबरलात?”

“तीनशे एकोणनव्वद ते सहाशे एकतीस,” ती हळू आवाजात म्हणाली. “त्या दिवशी किती वाजता कुठली प्रत संपली, ते मी टिपून ठेवलं होतं. माझा हात जिथे गेला तिथेच त्यांची दुसरी बाई आली. जिथे परत आला तिथेच ती गेली.”

“हे मला आधी का नाही सांगितलंत?”

“माझंच टिपण. त्याला कोण विचारणार? त्यांच्या यंत्रानं म्हणायला हवं.”

ऋचानं मागून आईच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात किंचित थरथरत होता, सेकंदाला दहाएक वेळा असावा.

बारा चव्वेचाळीसला बाबू परत आला. त्यानं कागद न्यायमूर्तींपुढे ठेवला. त्यांनी तो एकदा वाचला, समोर बसलेल्या करुणाकडे पाहिलं, पुन्हा वाचला, आणि लघुलेखकाला म्हणाल्या, “जसंच्या तसं घ्या.”

नमुने : १८. व्यक्ती : दोन. पहिली व्यक्ती : ९. दुसरी व्यक्ती : ९. खात्री : ९९.९७ टक्के.